अपुरी साधने आणि वर्गातील सहलेखन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील शिक्षणविषयक परिसंवादात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या परिसंवादात बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, तेव्हा विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली. शिक्षकी पेशात आयुष्याचा बहुतेक काळ गेलेल्या मनुष्याने शाळेविषयी बोलावे हे ओघानेच आले. परंतु शाळा हा विषय अफाट आहे. यास्तव त्यातील एकच लहानसा भाग मी आज आपणांपुढे मांडणार आहे. अनेकांनी मिळून लिहावयाची जी संकेतस्थळे आज जगभर चालू आहेत, त्यांचा उपयोग आपल्या साध्या, साधनहीन शाळांतील मुलांना करून देता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या रीतीने, एवढाच माझा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाही. मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी जी रक्कम खर्च होते तिच्याशीही त्याचा संबंध आहे. तो कसा, हे मी शेवटी निवेदन करीन.

प्रथम, ज्याला 'विकी' म्हणतात ती वस्तू काय आहे हे थोडक्यात सांगितले पाहिजे. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ सालच्या मार्च महिन्यात एक संकेतस्थळ सुरू केले. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यावरील मजकूर वाचणाऱ्या कोणासही तो तेथल्या तेथे दुरुस्त करता येत असे व त्यात भर घालता येत असे. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या गाडीचे 'विकी विकी' हे नाव त्याच्या लक्षात राहिले होते. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. तेच नाव त्याने आपल्या संकेतस्थळास दिले. पुढे २००१ सालच्या १५ जानेवारीस जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी याच पद्धतीवर 'विकिपीडिया' हा मुक्त ज्ञानकोश सुरू केला. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ साली झाला, आणि आज त्यातील लेखांची संख्या नव्वद हजारांच्या पुढे गेली आहे. हे सर्व लेख वेतनाची अपेक्षा न धरता स्वयंसेवकांनी लिहिलेले आहेत.

या पद्धतीतील शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पानाचा इतिहास. प्रत्येक पानामागे त्याच्या सर्व जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी कोणता शब्द घातला अथवा काढला, हे केव्हाही पाहता येते. कोणी खोडसाळपणे मजकूर पुसला तर मागील आवृत्ती क्षणात परत आणता येते. आपल्या वह्यांत खाडाखोड झाली की पान कुरूप होते आणि मूल शिक्षा होईल म्हणून भिते. येथे खाडाखोड हीच कामाची नोंद होऊन बसते.

ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना शाळेचे 'हस्तलिखित' आठवत असेल. वर्षातून एकदा मुलांचे निबंध, कविता, कोडी, चित्रे एकत्र करून, ज्याचे अक्षर वळणदार त्याच्याकडून ती लिहवून घेऊन, पुठ्ठ्याच्या बांधणीत तो अंक स्नेहसंमेलनात प्रकाशित होई. भिंतीवर भित्तिपत्रक लागे. त्या एका अंकामागे दहा-पंधरा मुले राबत. कोणी लिही, कोणी शुद्धलेखन तपाशी, कोणी समास आखी. मिळून लिहिण्याची ही रीत आपल्या शाळांत रुजलेली होती. तिच्यात उणीव इतकीच होती, की प्रत एकच निघे आणि ती कपाटात जाई.

मोठ्या प्रमाणावर पाहिले तरी महाराष्ट्रातील ज्ञानाची मोठी कामे अशीच झालेली आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. परंतु त्यांच्याभोवती यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासारखे सहकारी होते आणि लेखकांचा मोठा समूह होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईस मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही शेकडो अभ्यासकांचा हात होता. हे दोन्ही कोश आज इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात. सांगावयाचा मुद्दा असा, की एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने पुरावा मागावा, या शिस्तीतूनच विश्वसनीय ज्ञान तयार होते. ही शिस्त मुलांना शाळेतच लागली तर किती बरे!

फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसास जखम झाली. १९२० साली तो दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या लहानशा गावी शिक्षक झाला, तेव्हा त्याला फार वेळ मोठ्याने बोलणे अशक्य होते. व्याख्यान देऊन शिकविण्याचा मार्ग त्याच्यापुरता बंद झाला. म्हणून त्याने एक छोटेसे हातछपाईचे यंत्र वर्गात आणले. मुले भोवतालचे जग पाहून येत, लिहीत, सर्वांनी मिळून तो मजकूर सुधारीत, स्वतः खिळे जुळवून छापीत आणि दूर ब्रिटनी प्रांतातील एका शाळेस पाठवीत. तेथील मुलांचा मजकूर उत्तरादाखल येई. डोंगरातल्या मुलांना समुद्राकाठचे जीवन त्या मुलांच्याच शब्दांत कळू लागले. संगणकाचा जन्मही झाला नव्हता त्या काळी घडलेला हा सहलेखनाचा प्रयोग आहे, आणि त्याच्या मुळाशी साधनांची विपुलता नव्हती हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ साली जी आकडेवारी गोळा केली, तीप्रमाणे देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ व ४२ टक्के होते. त्यानंतर मोबाइलचा प्रसार झपाट्याने झाला. 'असर' या नावाने प्रसिद्ध असलेल्या वार्षिक शैक्षणिक पाहणीत, शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२१ साली ६७.६ टक्के झाले आणि २०२२ साली ७४.८ टक्क्यांवर पोहोचले. शाळांच्या बाबतीत पाहावे, तर केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२३-२४ साली देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक व ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल, की मग अडचण संपलीच. परंतु आकड्यांच्या आत शिरून पाहिले पाहिजे. त्याच २०२१ सालच्या पाहणीत असे आढळले, की घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी सुमारे २६ टक्के मुलांना तो हाती मिळतच नव्हता. फोन वडिलांचा, वडील सकाळी कामावर जातात, फोन त्यांच्या खिशातून जातो. रात्री परत आला तर तो थोरल्या भावाच्या हाती पडतो. घरातील धाकट्या मुलीचा क्रम शेवटचा. २०२३ साली याच संस्थेने २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची जी पाहणी केली, तीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होते. भगिनींनो, हा आकडा आपण घरी जाऊन आपापल्या कुटुंबाशी ताडून पाहावा अशी माझी विनंती आहे. 'घरात फोन आहे' या वाक्याचा अर्थ 'मुलीला फोन मिळतो' असा होत नाही.

या अडचणीवर जगात जे उपाय योजिले गेले, त्यांतील काही फसले. त्यांची हकिगत ऐकणे उपयुक्त ठरेल. निकोलस निग्रोपाँटी या अमेरिकन प्राध्यापकाच्या पुढाकाराने 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' अशी योजना निघाली. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ती फार मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत असे दिसले, की संगणक वापरण्याचे कौशल्य मुलांत आले. परंतु गणित व भाषा या विषयांतील त्यांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. यंत्रे वाटली गेली. ती घेऊन वर्गात काय करावयाचे याची पुरेशी तयारी शिक्षकांकडून करवून घेतली गेली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेने २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत एक उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत अशी योजना होती. शेकडो विद्यार्थी सहभागी झाले. परंतु अनेकांनी पुस्तकांतील व इतर संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरविला. तो पुसता पुसता जुने स्वयंसेवक थकून गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो उपक्रम थांबवावा लागला. येथे साधनांची वाण नव्हती. विद्यार्थीही हुशार होते. मात्र पाहून उतरविणे म्हणजेच अभ्यास, ही समजूत पहिलीपासून त्यांच्या अंगी मुरलेली होती. पाठ्यपुस्तकातील उत्तर शब्दशः लिहिणाऱ्यास आपण पूर्ण गुण देतो आणि स्वतःच्या शब्दांत अडखळत लिहिणाऱ्याचे गुण कापतो. त्याचे फळ महाविद्यालयात दिसले तर नवल कसले?

आता जे साधले त्याकडे पाहू. ज्या लॅपटॉप योजनेचा मी उल्लेख केला, तिचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतच्या बाजूस असलेल्या खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत झाला. त्या लहानशा यंत्रांत एक विशेष सोय होती. इंटरनेट नसतानाही ती यंत्रे आपापसांत जोडली जात आणि दोन-तीन मुलांना एकच मजकूर एकत्र लिहिता येई. मिळून लिहिण्यास बाहेरच्या जगाशी जोडणी असावीच लागते असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांतील धड्यांना क्यूआर संकेत जोडले. मुलांची घरची भाषा कन्नड होती. म्हणून त्यांनी पुस्तकांतील मजकूर त्या भाषेत आणला. संकेतावर फोन धरला की धड्याशी संबंधित ध्वनिमुद्रण अथवा चित्रफीत उघडे. पुढे हीच पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० सालच्या डिसेंबरात त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. त्यांचे कार्य आरंभले गेले ते एका फोनावर आणि छापील कागदावर.

२०२० सालच्या मार्च महिन्यात महामारीमुळे शाळा बंद झाल्या. त्या काळात ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्यासाठी आपल्या शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी जे मार्ग काढले, तेही विसरता येत नाहीत. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर 'बोलकी शाळा' या नावाने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले गेले. सोलापुरात नीलमनगर या कामगार वस्तीतील एका मराठी शाळेने घरांच्या भिंतींवर पाढे, व्याकरण व विज्ञान रंगविले, आणि मुले गल्लीतून हिंडत शिकली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका चालली. तंत्र जुने असो वा नवे, ते कोणापर्यंत पोहोचते हा विचार ज्यांनी आधी केला त्यांचे काम टिकले.

बंधुभगिनींनो, आता प्रत्यक्ष पद्धतीविषयी. समजा, एका वर्गात चाळीस मुले आहेत, संगणक एकच आहे आणि इंटरनेट नाही. अशा वर्गात सहलेखन कसे चालवावे?

पहिली गोष्ट, इंटरनेटवाचून विकी चालविता येते. 'डोकुविकी' या नावाची एक विनामूल्य संगणकप्रणाली २००४ सालापासून उपलब्ध आहे. ती जुन्यापुराण्या संगणकावरही चालते, कारण तिचे प्रत्येक पान म्हणजे मजकुराची एक साधी फाइल असते. सर्व पानांची प्रत बोटभर पेनड्राइव्हवर घेता येते. संगणकास एक वायफाय राउटर जोडला, की वर्गापुरते जाळे तयार होते. पालकांनी एखादे दिवशी दिलेले दोन-चार फोन त्यास जोडले तर त्यांवरूनही लिहिता येते, आणि त्यासाठी डेटाचा पैसाही खर्च होत नाही. विजेचा भरवसा नसेल तेथे 'रास्पबेरी पाय' नावाचा पत्त्याच्या पानाएवढा संगणक उपयोगी पडतो. तो २०१२ साली इंग्लंडात निघाला. फोन भारित करण्यासाठी आपण जी पॉवर बँक वापरतो, तिच्यावरही त्याचे लहान नमुने काही तास चालतात.

दुसरी गोष्ट वाचनाची. 'किविक्स' नावाची एक विनामूल्य प्रणाली आहे. तिच्या योगे सबंध विकिपीडिया एकदा उतरवून घेतला, की पुढे इंटरनेटवाचून वाचता येतो. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह घेतला तर शंभर गिगाबाइटच्या आसपास जागा लागते. मराठीचा आकार त्या मानाने फारच लहान असून तो साध्या मेमरी कार्डात सहज मावतो. तालुक्याच्या गावी जाऊन कोणा शिक्षकाने हे काम वर्षातून एकदा केले, की शाळेत ग्रंथालय उभे राहिले असे समजावे.

तिसरी आणि मुख्य गोष्ट कामाच्या वाटणीची. चाळीस मुलांचे पाच-पाच जणांचे आठ गट करावेत. एका तासिकेत दोन गटांना प्रत्येकी पंधरा मिनिटे संगणक मिळावा. आठवड्यातून चार तासिका ठेवल्या, तर प्रत्येक गटाची पाळी आठवड्यास एकदा येते. इतर गट त्या वेळी कागदावर काम करतात. एका गटाने मजकूर तयार करावयाचा, दुसऱ्याने शंका लिहावयाच्या, तिसऱ्याने पुरावा शोधावयाचा. संगणकापाशी जाताना गटाच्या हाती तयार कच्चा खर्डा असला पाहिजे, हा नियम कडक असावा. असे केले म्हणजे पंधरा मिनिटे पुरतात. किंबहुना, वेळ थोडा असल्यामुळेच मुले आधी विचार करून येतात. टंकलेखनास दर खेपेस वेगळे मूल बसवावे; नाही तर चलाख मुलगा कळफलक सोडत नाही आणि बाकीची चार मुले केवळ प्रेक्षक बनतात. मुलींच्या बाबतीत हे विशेषच घडते, म्हणून पाळीपत्रक भिंतीवर टांगलेले असावे.

लिहावयाचे कशावर? माझे उत्तर असे, की आपल्या गावावर. मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या नोंदी आहेत. परंतु त्यांतील पुष्कळशा दोन-चार ओळींच्या आहेत. गावाची लोकसंख्या, तालुका, जिल्हा सांगितला की संपले. त्या गावातील विहिरी किती, बारव कोणी बांधली म्हणतात, बाजार कोणत्या वारी भरतो, शिवारांची नावे काय, कोणते धान्य पूर्वी पिकत असे व आता पिकत नाही, जत्रेची पद्धत कशी, हे लिहिणारे मनुष्य तेथलेच हवे. पाचवीचे मूल आजीला विचारून येईल, 'आजी, आपल्या या शेताला असं नाव का गं पडलं?' आणि आजी जे सांगेल ते कोणत्याही कोशात सापडणार नाही. मात्र येथे एक विवेक शिकविता येतो. विकिपीडियावर लिहावयाचे तर प्रसिद्ध झालेला पुरावा लागतो. आजीची गोष्ट तेथे चालत नाही. ती शाळेच्या स्वतःच्या विकीत, 'अमुक वयाच्या वृद्धेने सांगितलेली आठवण' अशा नोंदीसह राहू शकते. ऐकलेले, पाहिलेले व छापलेले यांतील भेद मुलास दहाव्या वर्षी समजला, तर पुढे आयुष्यात कोणीही फोनवर पाठविलेली अफवा तो डोळे मिटून पुढे धाडणार नाही.

या पद्धतीवर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की मुलांनी लिहिलेले चुकीचे असेल. असेल खरेच, पण शाळेच्या विकीत ती चूक दुसऱ्या मुलास सापडते व दुरुस्त होते. चूक शोधणे हाच त्या पाठाचा गाभा आहे. शिवाय मुलांसाठी मुलांच्या पातळीवरचे कोश जगात आहेतच. फ्रेंच भाषेत 'विकिदिया' या नावाचा, आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी २००६ सालापासून चाललेला कोश आहे आणि त्याच्या लेखनात मुलेही भाग घेतात. मराठीत तसा कोश का होऊ नये?

दुसरा आक्षेप नक्कल करण्याचा. पुण्याचे उदाहरण मी दिलेच आहे. त्यावर उपाय हा, की जे कोठेच छापलेले नाही अशाच विषयावर लिहावयास सांगावे. आपल्या गल्लीतील नळास पाणी कोणत्या वेळी येते, याची नक्कल कोठून करणार? अलीकडे तर प्रश्न विचारताच तयार निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मुलांच्या हाती आली आहेत. त्यांच्यापुढे घरी लिहून आणलेल्या निबंधाची किंमत काय राहिली, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. अशा वेळी मुलाने कोणत्या दिवशी कोणता शब्द बदलला व का बदलला हे दाखविणारा पानाचा इतिहास पूर्वीपेक्षाही महत्त्वाचा झाला आहे.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. दहावीच्या परीक्षेत याचे गुण मिळतात काय, असे पालक विचारतात. गुणपत्रिकेत 'सहलेखन' असा रकाना नाही हे मान्य. परंतु मुद्देसूद लिहिणे, दुसऱ्याचा मजकूर बारकाईने वाचणे, शुद्धलेखन सांभाळणे, या गोष्टींना भाषेच्या प्रश्नपत्रिकेत गुण आहेतच. आठवड्याच्या चार तासिकांनी अभ्यासक्रम बुडत नाही.

चौथा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. मुलांची नावे, छायाचित्रे, पत्ते इंटरनेटवर जाता कामा नयेत. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. शाळेच्या भिंतीआड चालणारी विकी या दृष्टीने निर्धोक आहे. तीतही मुलाने 'गट तीन, सदस्य दोन' अशा खुणेने लिहावे. बाहेरच्या विकिपीडियावर काही धाडावयाचे झाल्यास ते शिक्षकाने स्वतःच्या खात्यावरून धाडावे.

आता मंडळाविषयी जे सांगावयाचे ते सांगतो. आपल्या निधीतून गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि त्यांना बक्षीस म्हणून टॅबलेट द्यावे अशी सूचना पुढे आलेली आहे. ती सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तथापि माझे नम्र मत असे, की शेकडा नव्वद गुण मिळविणाऱ्या मुलाच्या घरी बहुधा एखादे साधन आधीच असते. ज्या मुलीला चाळीस गुण पडले, ज्या मुलाने नववीत शाळा सोडली, त्यांचे नाव आपल्या सत्काराच्या यादीत कधीच येत नाही. एका टॅबलेटचा उपयोग एकाच मुलास होतो आणि दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी जाते. तेवढ्याच निधीतून, जेथे आपली कुटुंबे राहतात अशा गावांच्या शाळांना जर एकेक संच दिला, म्हणजे वापरलेला परंतु चालू संगणक, एक राउटर, किविक्समध्ये उतरविलेला मराठी विकिपीडिया आणि शिक्षकास दोन दिवसांचे शिक्षण, तर प्रत्येक संचाचा लाभ सबंध वर्गास मिळेल. आपल्यातील नोकरदार मंडळींच्या कचेऱ्यांतून दर चार-पाच वर्षांनी संगणक बदलले जातात. रीतसर परवानगीने ते मिळविणे अशक्य नाही. आपले अभियांत्रिकी शिकणारे तरुण सुट्टीत गावी जातात; दोन दिवसांचे शिक्षण देण्यास त्यांच्याहून योग्य कोण?

यावर कोणी विचारतील, की त्या वर्गात आपल्या ज्ञातीची मुले चार-पाचच असणार. मग मंडळाचा पैसा इतरांच्या मुलांवर खर्च व्हावा काय? हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे आणि तो उघड विचारला जावा अशीच माझी इच्छा आहे. माझे उत्तर असे. पाच मुलांच्या गटात बसून लिहिताना आपल्या मुलाशेजारी कोण बसला आहे हे संगणक विचारीत नाही, आणि आपणही विचारू नये. आपल्या मुलाने लिहिलेल्या वाक्यातील चूक शेजारच्या मुलाला काढता आली पाहिजे. त्याला तेवढे आलेच नाही, तर आपल्या मुलाचेही शिक्षण तेवढे अपुरे राहील. सहलेखनात एकट्याची प्रगती होतच नाही. ज्या वडील मंडळींनी हे मंडळ स्थापिले त्यांनी विद्येसाठी पदरमोड केली. त्या विद्येचा पाट आपल्या शेतातून पुढच्या शेतात गेला, तर आपले पाणी कमी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

पहिल्या वर्षी पाचच शाळा घ्याव्यात. वर्षाअखेरीस प्रत्येक शाळेने आपल्या गावाविषयी तयार केलेली पाने मंडळाकडे पाठवावीत, आणि त्यांतील निवडक मजकूर पुढील वर्षीच्या या स्मरणिकेत छापावा. मुलांनी लिहिलेले गाव मुलांच्याच हाती छापील रूपाने पडेल, आणि ज्या घरी संगणक नाही त्या घरातील आजीलाही ते कोणी तरी वाचून दाखवील. काम न जमल्यास तेही त्याच स्मरणिकेत मोकळेपणे नमूद करावे, म्हणजे दुसऱ्या वर्षी निर्णय घेताना कार्यकारिणीपुढे खरी हकिगत राहील.

ही सूचना मी मंडळाच्या कार्यकारिणीकडे रीतसर लेखी स्वरूपात देत आहे. तिच्यावर साधकबाधक चर्चा व्हावी, ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते अवश्य मांडावे.